राइट क्लिकवर कुणाचा हक्क?

पुण्याच्या नारायण पेठेत अक्षरजुळणीची जी थोडी छोटी ऑफिसं अजून तग धरून आहेत, त्यांतल्या एकातला हा वाद. दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि मधूनच एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र, असा तिथला माल. मालकीणबाईंना गल्लीतले सगळे काकू म्हणतात. पेजमेकरच्या काळापासून त्या या धंद्यात आहेत. दुसरा पक्ष म्हणजे आसपासच्या ऑफिसांची मशीन्स सांभाळणारा तिशीतला एक जण. त्याला सगळे इंजिनिअर म्हणतात. पदवीचं कुणी विचारत नाही. पेठेत जो मशीनचं झाकण उघडतो तो इंजिनिअर.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी अंक छापून गेल्यावर काकूंनी विंडोज ११ चं नवं मशीन घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी फाइलवर राइट क्लिक केल्यावर ठिणगी पडली. मी प्रूफं न्यायला गेलो होतो, तो तिथेच बसलो. राइट क्लिकच्या मेनूवरून भांडण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. ज्याचं पोट दिवसभर फाइली इकडच्या तिकडे करण्यावर आहे, तो म्हणणार नाही. आणि इथे फेरफाराची हौस साठीकडे झुकलेल्या काकूंना, तर 'कंपनीनं दिलंय तसं राहू द्या' हा हट्ट तरुणाचा.

काकू : हे काय रे? वर पाच चित्रं, त्याखाली मुंगीएवढी नावं. मग ओपन, ओपन विथ, आणखी काय काय. माझ्या ओळी कुठायत?

इंजिनिअर : आहेत काकू. जुन्या मशीनवरचं सगळं आणलंय मी. तळाला 'शो मोअर ऑप्शन्स' दिसतंय ना, त्यावर क्लिक करा. जुना मेनू जसाच्या तसा येतो.

काकू : म्हणजे आधी हा मेनू, मग त्यातून तो मेनू. लेख आला की हलवायचा, फोटो आला की हलवायचा, जाहिरात बदलली की जुनी बाजूला काढायची. दिवसभर हेच करते मी. प्रत्येक वेळी एक क्लिक जास्त?

इंजिनिअर : त्यामागे कारण आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आणताना मायक्रोसॉफ्टनं ते सांगितलंही होतं. जुना मेनू बेसुमार लांबला होता. रोजचं कट-कॉपी बाणापासून लांब पडायचं, 'ओपन' एकीकडे आणि 'ओपन विथ' भलतीकडे. आणि जो प्रोग्रॅम टाकाल तो न विचारता आपली ओळ घुसवून बसायचा. तुमच्या जुन्या मशीनवर आठवतंय ना? झिपवाल्याच्या चार ओळी, अँटिव्हायरसची एक, गाणी वाजवणाऱ्याच्या दोन. या ऑफिसात गाणी कोण वाजवतं?

काकू : मग घुसलेल्यांना हाकला की. घरमालकिणीला का माडीवर पाठवता?

माझ्या मते सगळा वाद या एका वाक्यात आला. बाकीचं तपशिलाचं भांडण आहे. पण तपशील सोडून देण्यासारखे नाहीत.

काकूंच्या त्या ओळी होत्या तरी कोणत्या? फाइलवर राइट क्लिक केलं की मराठीत 'जुन्यात टाक', 'पत्ता कॉपी', आणि 'सेंड टू'च्या पोटात 'प्रूफला', 'जाहिरातींना', 'छापखान्याला'. रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं की 'नवा अंक'. या शेवटच्या ओळीनं मजकूर, चित्रं, जाहिराती, प्रूफ आणि अंतिम असे पाच फोल्डर एका दमात तयार होतात.

यातली 'जुन्यात टाक' ही ओळ मला मोलाची वाटते. लेखक सुधारून लेख पाठवतो. जुना लेख पुसायचा नसतो, कारण उद्या तोच फोन करून म्हणतो की आधीचा शेवटच बरा होता. पण जुना नव्याशेजारी ठेवायचाही नसतो, कारण घाईत तोच पानावर लागतो. 'जुन्यात टाक' म्हटलं की ती फाइल त्याच फोल्डरमधल्या एका आतल्या फोल्डरात जाते आणि तिच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख लागते. मागे आहे फक्त सात-आठ ओळींची एक बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी. कॉपी, मूव्ह, डिलीट हे मायक्रोसॉफ्टचे शब्द. 'जुन्यात टाक' हा या धंद्याचा शब्द, आणि जगातल्या कुठल्याही कंपनीला तो सुचण्याचं कारण नाही.

इंजिनिअर : तीच ओळ काल नव्या मशीनवर बंद पडली, ते सांगा की साहेबांना.

काकू : पडली. तू काहीतरी केलं असशील.

इंजिनिअर : मी काही केलं नाही. तुमची बॅच फाइल तारीख घेते विंडोजकडून. विंडोज ती देतं तुमच्या रीजनच्या सेटिंगप्रमाणे. जुन्या मशीनवर रीजन भारताचा होता, तारखेत आडव्या रेघा यायच्या. नवं मशीन आलं अमेरिकी सेटिंगवर, तिथे तारखेत तिरक्या रेघा. आणि फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. विंडोजला वाटतं फोल्डरचा पत्ता सांगताय. फाइल हललीच नाही, आणि बॅच फाइलची काळी खिडकी इतक्या पटकन मिटली की तुम्हाला कळलंही नाही.

काकू : मग दुरुस्त कर.

इंजिनिअर : केली. आता तारीख पॉवरशेलकडून घेतो, आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये काही नाही. नावानं लावलं की आपोआप काळाप्रमाणे लागतं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्हाला वाटतं तुमचा मेनू म्हणजे चार सोप्या ओळी. त्या ओळी कशाकशाच्या आधारावर उभ्या असतात ते मशीन बदलेपर्यंत दिसत नाही. बरं, तुमची फोल्डरांची नावं मराठीत. बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून सुरुवातीला कोड पेज बदलायची ओळ घातली नाही, तर तिला ती नावं कळत नाहीत. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, मराठी ओळ घालणारी फाइल मात्र यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह करावी लागते, नाहीतर मेनूत अक्षरांच्या जागी कचरा. हे सगळं लक्षात कोण ठेवणार? मी. आणि मी उद्या गावाला गेलो तर?

काकू : कचरा आम्हाला नवा नाही. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी दुसऱ्या मशीनवर उघडलं की रोमन अक्षरांची खिचडी दिसायची, त्यात आम्ही पंधरा-वीस वर्षं काढली. मेनूत मराठी नाव लिहिता येतं हे युनिकोड आल्यावर कळलं, तेव्हा मी पहिलं काम ते केलं.

इंजिनिअर : हौस म्हणून ठीक आहे.

काकू : हौस नाही. नवी मुलगी कामाला येते, तिला मी तासभर समजावत बसत नाही. राइट क्लिक कर आणि वाच, म्हणते. प्रूफला, जाहिरातींना, छापखान्याला. या ऑफिसात काम कुठून कुठे जातं ते तिला त्या यादीतच दिसतं.

इंजिनिअर : आणि ती मुलगी सहा महिन्यांनी दुसरीकडे जाते. तिथे हा मेनू नसतो. तिला 'जुन्यात टाक' येतं, पण फाइल नक्की कुठे जाते, नाव कसं बदलतं, ते माहीत नसतं. मागची मुलगी आता ज्या ऑफिसात आहे तिथली मशीन्सही मीच बघतो, काकू. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, इथे जुन्यात टाक कुठाय?

यावर काकू हसल्या, पण उत्तर दिलं नाही. मला इंजिनिअरचं म्हणणं पटलं. स्वतःपुरता केलेला मेनू हाताला चटक लावतो, आणि समजून केलेलं काम व नुसतं बटण दाबून केलेलं काम यांतला फरक त्यात झाकला जातो. मात्र हाच आरोप कंपनीनं दिलेल्या मेनूवरही होतो. 'शेअर' दाबल्यावर फाइल नक्की कुठल्या वाटेनं जाते, हे किती जणांना सांगता येईल?

इथे थोडं मागे जायला हवं. माऊसला एकाहून जास्त बटणं फार आधीपासून होती. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जगापुढे आणला, तेव्हा त्याला तीन होती. ॲपलनं पुढे एकाच बटणाचा आग्रह धरला आणि मॅकवर असा मेनू १९९७ मध्ये, मॅक ओएस ८ बरोबर आला, तोही कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर. पण घरोघरच्या हाताला राइट क्लिकची सवय लावली ती २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ नं. इंजिनिअरच्या पक्षाला अडचणीत आणणारी एक गोष्ट त्याच काळातली आहे. विंडोज ९५ साठी मायक्रोसॉफ्टच्याच मंडळींनी 'पॉवरटॉइज' नावाची छोटी अवजारं फुकट दिली होती. त्यांत 'डॉस प्रॉम्प्ट हिअर' होतं, 'सेंड टू एक्स' होतं. दोन्ही राइट क्लिकमध्ये भर घालणारी. म्हणजे मूळ मेनू कामाला पुरत नाही हे तो बनवणाऱ्यांच्या घरातच सुरुवातीपासून ठाऊक होतं.

इंजिनिअर : पॉवरटॉइज आजही आहे, मी तुम्हाला तेच घ्या म्हणतोय. फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टचंच आहे. 'पॉवररिनेम'नं शंभर फोटोंची नावं एकदम बदला. व्हॉट्सॲपवरून येतात ना, आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि आकडा? निवडा, राइट क्लिक, शोधायचं काय आणि घालायचं काय ते लिहा, आणि नवं नाव कसं दिसेल ते आधी बघून मग लावा. 'इमेज रिसायझर'नं फोटो लहान करा. तुमच्या 'नवा अंक'साठी तर २०२४ पासून 'न्यू प्लस' आलंय. पाच फोल्डरांचा नमुना एकदा करून त्याच्या जागी ठेवायचा, की राइट क्लिकमध्ये तो नमुना येतो. रजिस्ट्री नाही, बॅच फाइल नाही. आणि हे सगळं नव्या मेनूत, वरच्या वर दिसतं.

काकू : मग माझं का दिसत नाही?

इंजिनिअर : नव्या मेनूत यायचं तर प्रोग्रॅमला आपली ओळख द्यावी लागते. मी अमुक, माझी ओळ ही, मला काढलं की माझी ओळही जाईल. रजिस्ट्रीत नुसती ओळ लिहून तिथे शिरता येत नाही. म्हणून तुमच्या ओळी मागच्या मेनूत राहिल्या. आणि 'सेंड टू'सुद्धा तिथेच.

काकू : बघ. चोर पकडायला नियम केला आणि घरातलीच माणसं बाहेर राहिली. मोठ्या कंपन्या ओळखपत्र काढून आत येणार. माझ्या सात ओळींच्या फाइलला ओळखपत्र कोण देणार?

इंजिनिअर : पण चोर खरे होते! तुम्हाला आठवतंय, दोन वर्षांपूर्वी राइट क्लिक केलं की मेनू यायला पाच-पाच सेकंद लागायचे? तुम्ही म्हणालात मशीन म्हातारं झालं. मशीनला काही झालं नव्हतं.

ही हकिगत मी त्याच्याकडून आधीही ऐकली होती आणि ती बारकाईनं सांगण्यासारखी आहे. राइट क्लिक केलं की एक्सप्लोरर, म्हणजे फाइली दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, आपल्या ओळी मांडतो आणि मग मेनूत नोंदवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतो, या फाइलसाठी तुला काही म्हणायचंय का? विचारण्यासाठी त्या प्रोग्रॅमचा तुकडा एक्सप्लोररच्या स्वतःच्या पोटात चढतो. त्यातला एक जरी रेंगाळला, उदाहरणार्थ बंद असलेली नेटवर्कवरची ड्राइव्ह हुडकत बसला, तर सगळा मेनू त्याच्यासाठी खोळंबतो. एक कोसळला तर एक्सप्लोररच कोसळतो. काकूंच्या मशीनवर कधीच काढून टाकलेल्या एका स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा तुकडा मागे राहिला होता. इंजिनिअरनं 'शेलएक्सव्ह्यू' नावाचं निरसॉफ्टचं फुकट अवजार लावलं. ते अशा सगळ्या तुकड्यांची यादी काढतं आणि मायक्रोसॉफ्टचे नसलेले गुलाबी रंगात दाखवतं. त्यानं गुलाबी ओळी एकदम बंद केल्या, मग थोड्या थोड्या चालू करत गेला. स्कॅनरवाली चालू केल्यावर मेनू पुन्हा अडकला. ती कायमची बंद केली. बंद म्हणजे पुसली नाही. चुकून कामाची निघाली तर परत चालू करता येते.

काकू : बरं, चोर खरे होते. पण माझी ओळ त्यांच्यासारखी नाही. ती कुणाला काही विचारत बसत नाही. क्लिक केलं तरच चालते, नाहीतर नुसतं नाव.

इंजिनिअर : हे मात्र खरं.

हा फरक मेनूत ओळ घालणाऱ्यानं आधी समजून घ्यावा. रजिस्ट्रीत लिहिलेलं नाव आणि त्याखालची आज्ञा, एवढीच ओळ असेल तर ती मेनूला जड होत नाही. जड होतात ते प्रत्येक फाइल आधी तपासून मग काय दाखवायचं ते ठरवणारे तुकडे. काकूंच्या ओळी पहिल्या जातीच्या. त्या जातीचीही एक खोड आहे आणि इंजिनिअर ती सोडणार नव्हता.

इंजिनिअर : मग तुमची ओळ गायब झाली होती ती? अंकाच्या गडबडीत रात्री साडेनऊला फोन केलात. म्हणालात, कुणीतरी 'जुन्यात टाक' पुसलं.

काकू : गायब झालीच होती.

इंजिनिअर : तीस फाइली एकदम निवडल्या होत्या तुम्ही. पंधराच्या वर निवडल्या की विंडोज अशा ओळी दाखवतच नाही. कारण ही ओळ दर फाइलीमागे वेगळी चालते. तीस फाइली म्हणजे तीस काळ्या खिडक्या.

काकू : मग तीस वेळा क्लिक करू?

इंजिनिअर : नाही. 'सेंड टू'त टाका. तिथे बॅच फाइल ठेवली की निवडलेल्या फाइली एकाच वेळी तिच्या हाती जातात. फारच जास्त असतील तर आज्ञेची लांबी पुरत नाही, पण तीसला अडचण नाही. आणि 'सेंड टू' म्हणजे शेवटी एक साधं फोल्डर आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'शेल', विसर्गासारखी दोन टिंबं, 'सेंडटू' लिहा, फोल्डर उघडतं. नको ते शॉर्टकट काढा, हवे ते ठेवा. सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर ओता. शिफ्ट दाबून पाठवलं तर फाइल हलते, कंट्रोल दाबून पाठवलं तर कॉपी होते.

काकू : ते मला माहिताय. उजवं बटण दाबून फाइल ओढली की सोडताना 'मूव्ह हिअर' की 'कॉपी हिअर' विचारतं, तेही माहिताय.

(मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी डाव्या बटणानं ओढत आलो आणि फाइल हलली की कॉपी झाली ते नंतर शोधत आलो. एकाच ड्राइव्हवर ओढली की हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली की कॉपी होते, हा नियम कळायलाही मला बराच काळ लागला. उजव्या बटणानं ओढलं तर हा नियम लक्षात ठेवायचीच गरज नाही.)

इंजिनिअर : तुम्हाला माहीत आहे, मग मेनूत एवढी माया कशाला? कीबोर्ड वापरा. एफ-टू दाबून नाव बदला, टॅब दाबला की पुढच्या फाइलवर. कंट्रोल, शिफ्ट आणि एन म्हणजे नवं फोल्डर. पत्ता कॉपी करायला या विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, सी आहे. तुमची 'पत्ता कॉपी' ओळ तर आता लागतच नाही. आणि डावीकडच्या पट्टीत नेहमीचे फोल्डर पिन करून ठेवा. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही ऑफिसात हेच चालतं.

काकू : मी पानं लावणारी बाई. माझा उजवा हात दिवसभर माऊसवर असतो, आणि डाव्या हातात कागद असतो, लेखकानं लाल शाईनं रंगवलेला. कीबोर्ड तुम्हा लोकांना.

इंजिनिअर : बरं, मग नवा मेनूच नीट शिका. वरची पट्टी बाणाच्या अगदी जवळ येते. जे जास्त लागतं ते जवळ.

यात इंजिनिअरच्या बाजूनं जुनं संशोधन उभं आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग करून दाखवलं की ठरलेल्या जागी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ ती जागा किती दूर आणि किती मोठी यावर ठरतो. जवळची, मोठी जागा लवकर गाठता येते. संगणकाचे पडदे आखणारे अजून याच नियमावर चालतात. पट्टी बाणाजवळ आणण्यामागचा विचार त्या दृष्टीनं बिनचूक आहे.

काकू : जवळ येते, पण कधी वर, कधी खाली. पडद्याच्या तळाशी क्लिक केलं की तीच पट्टी मेनूच्या तळाला. मिसळणाच्या डब्यात रोज हळद वेगळ्या वाटीत घातली तर कशी फोडणी करशील? मी मेनू वाचत नाही रे. हात जातो.

आणि हेही तितकंच खरं. मायक्रोसॉफ्टला हा धडा एकदा मिळालेलाही होता. ऑफिस २००० मध्ये मेनू आपणहून आकसायचे. तुम्ही जे वापरत नाही ते झाकायचं, जे वापरता ते दाखवायचं, अशी ती युक्ती. त्यामुळे ओळींच्या जागा हलायच्या आणि झाकलेलं शोधायला लोक मेनू पुन्हा पुन्हा उघडायचे. ऑफिस २००७ मध्ये वर्ड-एक्सेलमधले ते मेनूच गेले आणि रिबन आली. जागा कायम राहणं ही अंतराइतकीच मोठी सोय आहे, आणि ती फिट्सच्या नियमात मोजली जात नाही. कंपनी लाखो लोकांचं मिळून पाहते, म्हणून तिला अंतर दिसतं. काकूंना स्वतःचा हात दिसतो.

इंजिनिअर : खरं बोलू? तुमचा मेनू नीट आहे, तुमची फोल्डरं नीट नाहीत. 'अंतिम', 'अंतिम खरं', 'अंतिम छापायचं'. नावं ठरवून घ्या, कुठे काय ठेवायचं ते ठरवा. निम्म्या ओळींची गरज संपेल.

काकू : ती नावं मी देत नाही. लेखक देतात. तू दे त्यांना शिस्त लावून. आमच्याकडे येणारा माल दुसऱ्याच्या सवयीतून येतो, त्याला वळण लावायला या ओळी केल्या. सगळं आधीच नीट आलं असतं तर अक्षरजुळणीवाल्याचं काम काय होतं?

इथे मी काकूंच्या बाजूचा आहे. व्यवस्थित माणसाला अवजार लागत नाही, हे म्हणणं ऐकायला छान आहे. पण काम करणाऱ्याच्या हाती येतो तो गोंधळच. मात्र ओळी कुठे लिहायच्या याबाबत मी इंजिनिअरचं ऐकेन. त्यानं काकूंच्या सगळ्या ओळी रजिस्ट्रीच्या 'करंट यूजर' या भागात हलवल्या आहेत. पूर्वी कुणीतरी त्या 'क्लासेस रूट'मध्ये घातल्या होत्या. ते दालन म्हणजे खरं तर दोन ठिकाणांची मिळून दिसणारी यादी आहे, सगळ्या मशीनची आणि एका वापरणाऱ्याची, आणि दोन्हीकडे एकच नोंद असली तर वापरणाऱ्याची चालते. स्वतःच्या भागात लिहिलं तर ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, बिघडलं तर दुसऱ्याच्या खात्याला धक्का नाही, आणि तेवढाच भाग एक्सपोर्ट करून ठेवता येतो. क्वचित लागणाऱ्या ओळीला 'एक्स्टेंडेड' अशी रिकामी नोंद जोडली की ती फक्त शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावर दिसते. काकूंच्या मेनूची लांबी त्यानं अशीच निम्म्यावर आणली. काकूंनी याबद्दल त्याला शाबासकी दिल्याचं मी ऐकलं नाही.

काकू : आता शेवटचं. तो जुना मेनू पहिल्याच क्लिकला येईल असं कर. होतं म्हणे.

इंजिनिअर : कुणी सांगितलं?

काकू : शेजारच्या फ्लेक्सवाल्यानं करून घेतलंय.

इंजिनिअर : होतं. नव्या मेनूचा नोंदणी क्रमांक असतो, त्याच नावाची नोंद तुमच्या भागात करायची आणि आत पत्ता रिकामा ठेवायचा. एक्सप्लोरर नवा मेनू शोधायला जातो, पत्ता कोरा, म्हणून मुकाट्यानं जुना काढतो. पण काकू, ही सांगून-सवरून दिलेली सोय नाही, फट आहे. एखाद्या अपडेटमध्ये बुजवतील. त्यापेक्षा शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना मेनू थेट येतो.

काकू : डाव्या हातात कागद असतो, सांगितलं ना तुला.

इंजिनिअर : आणि पॉवररिनेम, न्यू प्लस नव्या मेनूत इतके छान बसलेत ते?

काकू : जुन्यात दिसत नाहीत का?

इंजिनिअर : दिसतात.

काकू : मग?

इंजिनिअर : मग काही नाही. करतो. पण दोन फाइली करून ठेवतो, एक लावायची, एक काढायची. अपडेटनंतर काही विचित्र दिसलं तर आधी काढायची चालवा, मग मला फोन करा. आणि साडेनऊनंतर नाही.

काकू : नावं मराठीत दे.

इंजिनिअर : 'जुना मेनू' आणि 'नवा मेनू'. यूटीएफ-१६ लागणार नाही याला, नुसतं फाइलचं नाव आहे.

काकू : झालं? आता मशीन बंद करून चालू करायचं ना?

इंजिनिअर : गरज नाही. टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट केला की झालं. पण थांबा, जाहिरातींचं फोल्डर पेन ड्राइव्हवर जातंय अजून. ते आधी संपू द्या, नाहीतर कॉपी मध्येच तुटेल.